श्वास थांबलेला यांगच्वान

१

कपाटाची काच शाबूत होती, कुलूप शाबूत होतं, आतली लाल मखमलही नीट अंथरलेली होती. फक्त तिच्यावरचं डोकं नव्हतं.

"डोकं गेलं! माझं डोकं गेलं!" कुआंग मालक ओरडले. कार्यालयातल्या कुणी लगेच मान वर केली नाही. मालकांबद्दल आमचं हे मत फार जुनं होतं.

मग सगळे धावले. गेलेलं डोकं भाजलेल्या मातीचं होतं, मोठ्या कोहळ्याएवढं, जबडा अर्धा उघडलेलं, यांगच्वान नावाच्या मांसाहारी डायनासोरचं. आमच्या 'महागर्जना' कारखान्यातून जेवढे यांत्रिक मांसाहारी बाहेर पडले आणि आता जगभरच्या बागांत आणि संग्रहालयांत उभे राहून डोळे फिरवतात, शेपूट हलवतात आणि पोरांना रडवतात, त्या सगळ्यांचं तोंड या एका डोक्यावरून मोजून वाढवलेलं. आमच्या झिगोंग गावात दर दुसऱ्या शेडमध्ये डायनासोर बनतात, पण जबड्याची अशी ठेवण दुसऱ्या कुणाला साधली नाही. कपाटावर पितळी पाटी होती: 'मूळ शिल्प : कुआंग दवेई'. पाटी माझ्या हातची. कारखान्यातल्या सगळ्या पाट्या मीच लिहितो. हा प्राणी काय खायचा, कधी मेला, हात लावू नये. त्याआधी मी महाविद्यालयात इतिहास शिकवायचो. तिथेही कुणी वाचत नव्हतं.

कपाटाच्या दोन किल्ल्या. एक मालकांच्या कमरेला, दुसरी दाराजवळच्या खिळ्याला, कुणालाही दिसेल अशी. म्हणजे कुलपाकडून काही कळणार नव्हतं.

"चोर कोण हे मी सांगायला हवं का?" मालक म्हणाले आणि त्यांनी सांगितलंच. "यान सूलिंग!"

आदल्या दिवशी जेवणाच्या वेळी घडलं होतं ते असं. त्याच आठवड्यात प्रांताची हस्तकला समिती येणार होती, मालकांना 'डायनासोर-शिल्पकलेचा वारसदार' ही पदवी द्यायला. त्या आनंदात मालक सगळ्यांना सांगत होते, की तरुणपणी उपाशीपोटी बसून आपण ते डोकं कसं घडवलं. ही गोष्ट दर खेपेला थोडी जास्त उपाशी व्हायची. स्पंजाचं कोरीवकाम करणाऱ्या सूलिंगने जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"मालक, त्या डोक्याच्या मानेच्या पोकळीत कधी हात घातलाय?"

"का बरं?"

"आत माझ्या बाबांचा अंगठा आहे."

तिचे वडील यान शिहाई याच वसंतात वारले. कारखाना उघडल्यापासून इथे कोरत होते. त्यांची एक खोड होती. काम पुरं झालं की ओल्या मातीत, आतल्या बाजूला, उजवा अंगठा दाबायचे. त्या अंगठ्यावर सुरीचा जुना आडवा व्रण होता, त्यामुळे ठशाचे दोन तुकडे दिसत. "समिती आली की मीच त्यांना दाखवते," सूलिंग म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. तिच्याखेरीज कुणाला घास गेला नाही.

आणि आज डोकं नाहीसं झालं होतं.

"आतली पोकळी रिकामी आहे हे तिला माहीत होतं," मालक म्हणाले. "खोटं उघडं पडू नये म्हणून पळवलं. समिती यायच्या आत डोकं मिळालं नाही तर पोलीस येतील. मग ही पोरगी झिगोंगमध्ये कुठल्या शेडमध्ये सुरी धरते ते बघतोच."

सूलिंग दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सुरीचं सोडा. डोकं गेलं म्हणजे बाबा इथे कधी नव्हतेच, असं होईल."

२

पोलिसांना बोलावलं असतं तर समितीला कळलं असतं. म्हणून मालकांनी घरातलंच माणूस बोलावलं. बायकोची आत्या, शुई आत्या. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस. बिनतिकीट माणूस डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसला तरी त्याच्या मानेवरून ओळखायच्या, अशी त्यांची ख्याती.

त्या आल्या त्या हातात सशाच्या तिखट तुकड्यांची पिशवी घेऊन. खुर्चीत बसल्या, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "जावईबापू, फाटकावर झडती सुरू केलीस का?"

"सकाळपासून. माझी गाडी सोडून सगळ्यांची."

"तुझी का नाही?"

"आत्याबाई, मी मालक आहे."

"बरं," असं म्हणत आत्यांनी हाड बाजूला ठेवलं. "मला शेड दाखव."

"मास्तर दाखवतील. कातडीच्या सिलिकॉनच्या वासाने माझं डोकं धरतं, गेल्या पावसापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही." नाक पुसत मालक म्हणाले, "आणि हे बघा, आमच्या घरात तीन पिढ्या ही कला आहे. लग्नाच्या वेळी तुम्हाला सांगितलंच होतं."

तीन पिढ्यांचं वाक्य आमच्या माहितीपत्रकात आहे. मीच लिहिलंय, मालकांच्या सांगण्यावरून. झिगोंगमध्ये डायनासोर बनायला लागून जेमतेम एक पिढी झालीये, पण माहितीपत्रकं इतिहासाच्या लोकांसाठी नसतात.

आधी सूलिंगला बोलावलं. तिच्या केसांत स्पंजाचा पिवळा चुरा होता.

"चोरायचं असतं तर आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले असते का, आत्या?"

"माझ्या अनुभवात," आत्या म्हणाल्या, "तिकीट नसलेला माणूसच आधी तिकिटाचा विषय काढतो."

सूलिंग लाल झाली. "मग लिहा माझं नाव आणि मोकळ्या व्हा!"

"मी लिहीत नाही ग. खातेय. तुला डोकं हवं होतं की अंगठा?"

"डोकं त्यांनी खुशाल ठेवावं. पाटी बदलावी."

दुसरा आला न्ये. याचं काम परदेशात जाऊन डायनासोर उभे करायचं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या एका संग्रहालयासाठी बनवलेला मोठा यांगच्वान परवा पेटीत जाणार होता आणि त्याच्याबरोबर न्ये जाणार होता.

"पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याच्या माणसाबरोबर चहा पितोस म्हणे?" आत्यांनी विचारलं.

"पितो. तो मला बोलावतोय. हे डोकं नेऊन दिलं तर कदाचित खुर्चीही देईल बसायला." न्ये हसला. "पण मी नेलं नाही. का नाही नेलं, हे आता मलाच कळत नाहीये."

"फाटकातून झडतीशिवाय बाहेर काय जातं?"

न्येचं हसू थांबलं. "मालकांची गाडी... आणि डायनासोर."

"आणि डायनासोरबरोबर तू."

"अहो आत्या, मी गंमत करत होतो!"

"मी नव्हते करत," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यात शेडकडून मालकांचाच आवाज आला, "या, या, सगळे इकडे या! लवकर!"

३

मालक फोटोसाठी शेडमध्ये आले होते. नाकावर मुखपट्टी, मागे छायाचित्रकार. समितीला द्यायच्या अल्बमसाठी मोठ्या यांगच्वानबरोबर उभं राहायचं होतं. पाठवण्याआधी प्रत्येक प्राणी सतत चालू ठेवून बघतात, त्यामुळे शेडमध्ये एक कळप एकाच वेळी गुरगुरत होता. त्या गोंगाटात मालक मोठ्याकडे बोट दाखवून उभे होते.

"हा श्वास का घेत नाहीये?"

सगळ्यांनी वर पाहिलं. मोठा डोळे मिचकावत होता. शेपूट हलत होती. दर थोड्या वेळाने जबडा उघडून तो छपराला हादरा देत होता. पण पोट? पोट थंड. मेलेल्या प्राण्याने नुसतं तोंड चालू ठेवावं, तसं. आमच्यात अशी माणसं आहेत, पण डायनासोर नव्हता.

"सकाळपासून माझं लक्षच नाही गेलं," न्ये पुटपुटला. पोटाखाली जाऊन त्याने कान लावला. "मोटर फिरत नाही. नाहीच बहुतेक."

श्वासासाठी आम्ही गाडीच्या वायपरची साधी मोटर वापरतो. कारखान्यातली सगळ्यात स्वस्त मोटर. मानेत आणि शेपटीत याच्या कितीतरी पट महागड्या मोटरी होत्या आणि त्या जागेवर होत्या.

"असली मोटर कोण चोरेल?" मी म्हणालो.

"मास्तर, चोरली नसेल," आत्या म्हणाल्या. "वाटेत आली असेल."

पोटाच्या डाव्या बाजूला न्येला एक रेघ सापडली. ताजी चिकटवलेली, वर रंग फासलेला. त्याने सुरीने ती उकलली, आतला स्पंज बाजूला केला आणि खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा हातात यांगच्वानचं डोकं होतं.

शेडमध्ये कुणी बोलेना. सगळे डायनासोर मात्र बोलत होते.

"मोटर शोधा!" मालक म्हणाले. ती लगेच सापडली. सूलिंगच्या बाकाखाली, स्पंजाच्या चुऱ्यात.

सूलिंग मोटरकडे बघतसुद्धा नव्हती. तिने न्येच्या हातातून डोकं घेतलं, उलटं केलं, मानेच्या पोकळीत बॅटरी धरली आणि ते आत्यांसमोर केलं.

आत्यांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. पोकळी धुराने आणि वयाने काळपट झाली होती, पण एका जागी पत्र्याने खरवडल्यासारखा पक्क्या विटेच्या रंगाचा ताजा डाग होता. अंगठ्याएवढा.

"म्हणजे तिथे काहीतरी होतं," आत्या म्हणाल्या. "काही नसतं तर कुणी खरवडलं नसतं. आणि यानचा अंगठा असता तर मुलीने तो जपला असता."

मी मालकांकडे बघितलं. मला वाटलं, झालं. पण मालकांनी मुखपट्टी खाली केली आणि अगदी दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "अंगठा होता ना, आत्याबाई. माझा होता. म्हणूनच तिने खरवडला."

४

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं लिहिलंय, पण इतकं घट्ट बसणारं वाक्य मला सुचलं नसतं. अंगठा होता, अंगठा गेला, आणि तो कुणाचा हे आता माती सांगू शकत नव्हती. डोकं सूलिंगने कोरलेल्या प्राण्याच्या पोटात, मोटर तिच्या बाकाखाली. समिती दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. पदवी मिळाली की पोलिसांना फोन करतो, असं मालकांनी जाहीर केलं. आधी केला तर फोटो बिघडले असते.

आत्या मात्र पोटाखाली स्टूल घेऊन बसल्या होत्या, सिलिकॉनच्या वासात शांतपणे ससा खात.

"न्ये, तुला डोकं पळवायचं असतं तर यात कुठे ठेवलं असतंस?"

"मांडीत," न्ये लगेच म्हणाला. मग जीभ चावली. "म्हणजे कुणीही मांडीतच ठेवेल. तिथे मोटर नाही, काही नाही, आख्खा डुक्कर मावेल. पोटात ठेवायचं म्हणजे आधी मोटर काढा, मग प्राणी मेल्यासारखा दिसणार, मग लोक विचारणार."

"हं. आणि हे चिकटवणं कसं आहे?"

न्येने नाक मुरडलं. "लाज आहे, आत्या. चीर बरोबर सांगाड्याच्या सळईवर घेतलीये. प्राणी हलला की आतली सळई कातडीला घासते, तिथली कातडी सगळ्यात आधी फाटायला बघते. आम्ही सळईपासून लांब पळतो. मांडीच्या घडीत चीर घ्यायची, सुरकुतीत लपवायची. ही तर पेरूचा किनारा दिसायच्या आत उसवेल."

"सूलिंगने घाईत केली असेल," मी म्हणालो. संशय हा सर्दीसारखा असतो, शेडमध्ये सगळ्यांनाच झाला होता.

"घाईत माणूस वाईट शिवतो," आत्या म्हणाल्या. "पण ही वाईट नाही. बघा, काठ किती सरळ आहे. चुकीच्या जागी केलेलं चांगलं काम आहे हे."

रंगखात्याच्या झुओ मावशी बादली घेऊन जात होत्या. आत्यांनी नुसती हाक मारली, "झुओ, जरा हे बघतेस?"

मावशींनी रेघेकडे एक नजर टाकली. "हे कुणाचं काम आहे ते मला माहीत नाही," असं म्हणून त्या बादली सांडत निघून गेल्या.

"मी कुठे विचारलं होतं?" आत्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मला मुद्दा एकदम सापडला. झुओ मावशी! त्या चोरासारख्या सटकल्या होत्या. मी तसं म्हणालोही. आत्यांनी बोटाने रेघेवरचा रंग दाखवला. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तो हिरवट होता, तोंडी लावण्यापुरता फासलेला. "ती रंगवते ना? स्वतःच्या प्राण्यावर असा रंग तिने झोपेतही लावला नसता. मावशी चोर नाहीत, मास्तर. मावशी घाबरल्यात. त्या आधी कुठे होत्या?"

"कंदिलांच्या शेडमध्ये. रंगखात्यातले पुष्कळ जण तिथलेच."

"इथे कोण कोण कंदिलातलं आहे?"

"जुने बरेच. पण कुणी सांगत नाही. सणापुरतं काम, वर्षभर हात रिकामे. मालकांसमोर तर कंदिलाचं नाव काढायचं नाही. कागदाचे खेळ म्हणतात ते. नववर्षाला सगळं गाव उजळतं आणि आमच्या फाटकावर ट्यूबलाइट."

आत्यांनी पिशवीची घडी केली. "चला, कंदील बघू."

"आता? उन्हाळ्यात?"

"विझलेले बघायचेत."

बागेत गेल्या सणाचा माशाच्या आकाराचा एक भलामोठा कंदील अजून तसाच पडून होता. कापड विटलेलं, पोट फाटलेलं, आणि एक बाई शिडीवर बसून ते ठीक करत होती. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गावच्या जत्रेला जायचा होता. ती बोटाच्या पेराने कापडावर टकटक करायची, आतली तार सापडली की फाटलेलं कापड तारेपर्यंत कापून टाकायची आणि नवा तुकडा तारेवरच चिकटवायची.

"तारेवरच का ग, बाई?" आत्यांनी खालून विचारलं.

"आत दिवा लागतो ना, आत्या! मध्येच जोड घेतला तर पोटावर काळी रेघ दिसेल. तारेची सावली पडतेच. जोड तिच्यातच लपवायचा."

आत्यांनी पिशवी उघडली आणि तुकडा न काढताच पुन्हा बंद केली.

"आमच्या घरात," त्या हळूच म्हणाल्या, "मुलगी देताना चौकशी करायचं काम माझ्याकडे होतं."

५

समितीत तीन जण होते. अध्यक्ष वयस्कर, दाढीवाले. एक बाई, जिला सगळ्याचा फोटो काढायचा होता. आणि एक गृहस्थ, ज्यांना जेवण कधी हे जाणून घ्यायचं होतं. मालकांनी रेशमी अंगरखा घातला होता. डोकं पुन्हा कपाटात, मखमलीवर. सूलिंगला दाराजवळ उभं केलं होतं, सोबत फाटकावरचा पहारेकरी. तिने केसांतला चुरासुद्धा झाडला नव्हता.

भाषण झालं. तीन पिढ्या झाल्या. उपासमार झाली. अध्यक्षांनी प्रमाणपत्राची नळी हातात घेतली, तेवढ्यात शुई आत्या पुढे झाल्या.

"साहेब, मी कुआंगच्या सासरची. आमची एक हौस आहे. वारसदाराने हाताने काहीतरी करून दाखवावं, फोटो चांगला येईल."

"अगदी बरोबर!" फोटोवाल्या बाई म्हणाल्या.

मालकांचा चेहरा क्षणभर आखडला. "आता कोरायला वेळ..."

"कोरू नकोस रे. ते पिलू बघ," शेजारी उभ्या असलेल्या छोट्या यांगच्वानकडे बोट दाखवत आत्या म्हणाल्या. त्याच्या कुशीवर वीतभर कातडी फाटली होती. सकाळी ती फाटलेली नव्हती. सकाळी आत्यांनी माझ्याकडून पेन्सिलला टोक करायची सुरी मागून नेली होती. "एवढं चिकटवून दाखव. ठिगळ तर लावता येतं ना जावईबापूंना?"

कामगारांत कुणीतरी हसलं. त्या हसण्याने काम केलं. मालकांनी अंगरख्याच्या बाह्या सरकवल्या. सुरी घेतली, कापड घेतलं, डबा उघडला. आणि मग मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच हाताने काम करताना पाहिलं. हात सुंदर चालत होता, हे कबूल केलं पाहिजे. बोटाच्या पेराने त्यांनी कातडीवर टकटक केली. एकदा, दोनदा, थोडं डावीकडे. आतून सळईचा आवाज आला. तसं त्यांनी फाटलेल्या कडेची चांगली कातडी थेट सळईपर्यंत कापून काढली, तुकडा ठेवला आणि अंगठ्याने सळईच्या वरून एक सरळ, सुरेख रेघ दाबत नेली.

न्ये टाचा उंचावून रेघेकडे बघू लागला. सूलिंगने मान वर केली.

"वा!" अध्यक्ष म्हणाले.

"झुओ," आत्यांनी मागे न बघता विचारलं, "आता तरी ओळखतेस?"

झुओ मावशींनी बादली खाली ठेवली. "तेव्हाही ओळखलं होतं. आमच्या कंदिलाच्या शेडमध्ये माझ्या शेजारीच बसायचा. दवेईसारखा जोड अख्ख्या झिगोंगमध्ये कुणाचा नव्हता." त्यांनी हात पुसले. "पुढच्या वर्षी मी घरी बसणार आहे हो. तोंड उघडलं असतं तर या वर्षीच बसले असते."

मालकांचा अंगठा अजून रेघेवरच होता.

"मोठ्याच्या पोटावरही हीच रेघ आहे, साहेब," आत्या अध्यक्षांकडे वळल्या. "सळईवर घेतलेली. डायनासोरवाला ती तिथे मेला तरी घेणार नाही. कंदीलवाल्याचा हात मात्र अंधारातही तार शोधतो. आता बाकीचं बघा. चोराला डोकं लपवायचं असतं तर ते मांडीत गेलं असतं. पोटात गेलं, कारण प्राण्याचा श्वास थांबायला हवा होता. डोकं लपवलंच नव्हतं, सापडायला ठेवलं होतं. आणि वेळेवर कुणी शोधेना, तेव्हा सिलिकॉनच्या वासाने पावसापासून शेडमध्ये न आलेला माणूस आत येतो, गुरगुरणाऱ्या अख्ख्या कळपात एकाच पोटाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, हा श्वास का घेत नाही?"

"मी मालक आहे!" कुआंग म्हणाले. "मला दिसतं!"

"कपाटातच अंगठा खरवडला असता तर ताजा डाग बघून सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं. खरवडणारा दुसरा कुणीतरी हवा होता. म्हणून चोरी. म्हणून हिच्या बाकाखाली मोटर." आत्यांनी सुरी उचलली. "तू म्हणालास, अंगठा तुझा होता. बरं. मग तू शिल्पकार. ही सुरी घे, तो स्पंजाचा ठोकळा घे, आणि साहेबांना एक डोळा कोरून दाखव. जबडा नको. एकच डोळा."

सगळ्यांनी मालकांच्या हाताकडे बघितलं. मालकांनीही बघितलं. हात सिलिकॉनने माखलेला होता. त्यांनी तो रेशमी अंगरख्याला पुसला, आणि सुरी घेतली नाही.

सूलिंग पहारेकऱ्याला बाजूला सारून पुढे आली. तिने ठोकळ्यात सुरी घातली आणि कुणाशी न बोलता कोरायला लागली. फोटोवाल्या बाईंचा कॅमेरा खाली आला. ठोकळ्यातून पापणी निघाली, मग तिच्याखालून तो थोडासा कंटाळलेला डोळा, जो कपाटातल्या डोक्यात होता, आणि मोठ्याच्या डोक्यात, आणि जगातल्या सगळ्या रडणाऱ्या पोरांच्या आठवणीत.

"हे तुला कुणी शिकवलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ज्यांचा अंगठा खरवडला त्यांनी."

६

कुणाला अटक झाली नाही. स्वतःच्या कपाटातली स्वतःची वस्तू स्वतःच्या डायनासोरमध्ये ठेवणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, हे पोलिसांनाही सांगता आलं नसतं. प्रमाणपत्र नळीतल्या नळीत परत गेलं. जाता जाता अध्यक्ष कुआंग मालकांजवळ थांबले आणि खऱ्याखुऱ्या हळहळीने म्हणाले, "अहो, कंदिलांच्या वारसदाराची जागा आमच्याकडे कितीतरी वर्षं रिकामी आहे. असा जोड मी आजवर पाहिला नव्हता. तुम्ही आधी का नाही बोललात?"

मालक पिलाजवळच्या स्टुलावर बसले. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. वासाने त्यांचं डोकं दुखलं नाही.

डोकं सूलिंगला मिळालं. आत्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "जावईबापू, तीन पिढ्यांचं मी घरी सांगू की तू सांगतोस?" न्ये परदेशाहून परतला की पलीकडच्या गल्लीत जाणार आहे. सूलिंगलाही तिथून बोलावणं आहे. तिने लगेच उत्तर दिलं नाही, कारण मोठा जायचा बाकी होता आणि त्याला श्वास द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने कुआंगची रेघ उकलली, मोटर जागेवर बसवली आणि ती चीर कायमची बुजवली. मग पुढे कधी मोटर बिघडलीच तर हात घालता यावा म्हणून मांडीच्या घडीत नवी चीर घेतली आणि सुरकुतीत लपवून टाकली. झुओ मावशींनी रंग लावला. मी चष्मा लावून शोधली, मला सापडली नाही. बटण दाबलं. पोट फुगलं, उतरलं, पुन्हा फुगलं. सूलिंगने तळहात त्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मास्तर," ती म्हणाली, "पाटी झाली का?"

झाली होती. मोठ्याबरोबर ती त्याच पेटीतून गेली. माझ्या हातची ही पहिलीच पाटी असावी जिच्यातला शब्द न् शब्द मी पुराव्यानिशी सांगू शकतो:

'यांगच्वान. मांसाहारी. मूळ शिल्प : यान शिहाई. श्वास : यान सूलिंग. कृपया चीर शोधू नये.'